बुधवारचा खिमा, एकाच कढईत

या महिन्याच्या टपालात खिम्याविषयीची चार पत्रे एकापाठोपाठ आली. पत्रलेखकांची घरे वेगळी, भांडी वेगळी, मांसही वेगळे. परंतु चौघांचीही अडचण आठवड्याच्या मधल्या वारी, कामावरून परतल्यानंतरच्या स्वयंपाकाची आहे. म्हणून लोणच्याचे आणि दिवाळीच्या चकलीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून या वेळी सदराची सारी जागा खिम्याला दिली आहे.

प्रश्न : मी फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते आणि विक्रोळीला राहते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीला नणंदेकडे गेलो होतो. तेथे ती आठवड्यातून एकदा तरी गोमांसाचा खिमा एकाच जाड तव्यात परतून, त्यातच कांदा, ढोबळी मिरची, डब्यातला टोमॅटो आणि शेवटी तांदूळ किंवा मॅकरोनी घालून अर्ध्या तासात सगळ्यांचे जेवण करीत असे. घासायला भांडे एकच. इकडे परतल्यावर एका बुधवारी मी मटणाच्या खिम्याचे तसेच करून पाहिले, तर खिमा करड्या पाण्यात उकळत राहिला, त्याचे गोळे झाले, तांदूळ वरून कच्चा आणि खालून लागलेला निघाला, आणि पाने घ्यायला पावणेदहा वाजले. सासूबाईंचे म्हणणे असे की कुकरच्या तीन शिट्ट्यांशिवाय मटण शिजतच नाही. मला घरी पोहोचायला साडेसात होतात. नऊच्या आत, कुकर न काढता हे जमेल का? आणि मांस नेमके कोणते घ्यावे? (वाचक भगिनी, विक्रोळी)

उत्तर : जमेल, मात्र अर्ध्या तासात जमेल असे मी सांगणार नाही. पाव किंवा पोळीबरोबर खायचा सुका खिमा पस्तीस ते चाळीस मिनिटांत होतो, आणि त्याच कढईत तांदूळ शिजवायचा असेल तर पन्नास मिनिटे धरावीत. आठला गॅस पेटवला तर नऊला दहा कमी असताना पाने मांडता येतील. नणंदबाईंचे अर्ध्या तासाचे गणितही खोटे नाही, पण ते त्यांच्या मांसाचे गणित आहे, आपल्या नव्हे.

अमेरिकेतील दुकानांत मिळणारा गोमांसाचा खिमा यंत्रातून बारीक काढलेला असतो आणि त्यातील चरबीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते. नेहमीच्या स्वयंपाकाला लोक बहुधा १५ ते २० टक्के चरबीचा खिमा घेतात. तो तव्यात पडला की चरबी वितळून तेलाचे काम करते आणि मांस दहा मिनिटांत शिजते. एका तव्यातल्या या जेवणाला तिकडे घरोघरी स्थान मिळाले, त्यात १९७१ साली जनरल मिल्स कंपनीने देशभर विकायला आणलेल्या ‘हॅम्बर्गर हेल्पर’ या पाकिटाचा मोठा वाटा होता. मांस महागलेले होते, आणि एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम खिम्यात शेवया किंवा भात मिसळून तो सबंध कुटुंबाला पुरवायचा, ही त्यामागची कल्पना होती. आपल्या आयांनी मटार आणि बटाट्याच्या फोडी घालून अर्धा किलो खिमा सात माणसांना पुरवला तो याच न्यायाने. फक्त त्यांच्याकडे पाकीट नव्हते.

आपल्याकडे महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातील सुधारणा मार्च २०१५ मध्ये लागू झाल्यापासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे मुंबईच्या बाजारात ‘बडे का’ म्हणून जे मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस असते, आणि ते ज्या घरांत चालते त्या घरांत ही पाककृती त्यावर करता येईल. मात्र हे मांस रंगाने गडद, धाग्याने जाड आणि चरबीला कमी असते, शिवाय जनावर बहुधा वयाने मोठे असते. म्हणून खिमा यंत्रातून दोनदा काढून घ्यावा, तेल दीड पळी जास्त घ्यावे आणि झाकून शिजवण्याचा वेळ दुप्पट धरावा. त्यावर मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींचा बॉटल मसाला फार शोभतो, हे जाता जाता सांगते.

आपण मटण वापरता, म्हणजे बोकडाचे मांस. यातही चरबी कमीच, आणि जी असते ती आपले मटणवाले ‘साफ करून देतो’ म्हणत उत्साहाने काढून टाकतात. त्यांना तसे करू देऊ नये. रानाचा, म्हणजे मागच्या मांडीचा, तुकडा दाखवायला सांगावा, तो अखंड असतानाच धुऊन पुसून घ्यायला लावावा, त्यावरची थोडी पांढरी चरबी राहू द्यावी आणि मग यंत्रातून एकदाच काढून घ्यावा. सुऱ्याने हाताने तोडलेला खिमा चवीला निःसंशय सरस असतो, पण त्याचे दाणे मोठे राहतात आणि त्याला शिजायला दहा मिनिटे अधिक लागतात. तो रविवारी आणावा.

आता आपल्या करड्या पाण्याकडे वळू, कारण खरी चूक तेथे आहे. आपण खिमा बहुधा पिशवीतून काढून सरळ कांद्यावर टाकला असणार. आपण सारे तसेच करतो, कारण तेल, खडा मसाला, कांदा, आले-लसूण, मग मांस हा क्रम आपल्या हाताला बसलेला आहे. रस्सा करायचा असेल तर हा क्रम योग्यच आहे. पण येथे कांद्याचे पाणी, खिम्याचे पाणी आणि घाईने घातलेल्या टोमॅटोचे पाणी अशी तीन पाणी एका भांड्यात एकाच वेळी सुटतात. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि कढईच्या तळाशी जोवर पाणी आहे तोवर तळाचे तापमान त्याच्या फारसे वर चढत नाही. मांसाला तांबूस रंग आणि भाजल्याचा वास मात्र साधारण १४० अंशांपासून पुढे वेगाने येऊ लागतो. मांसातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात होणाऱ्या या क्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपला खिमा त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलाच नाही. तो उकडला.

म्हणून क्रम उलटा करावा. कढईत सर्वांत आधी खिमा जाईल आणि तो एकटा जाईल.

भांडे रुंद हवे. अर्धा किलो खिम्याला तळाशी २६ ते २८ सेंटिमीटर जागा असलेला जाड पसरट तवा किंवा लंगडी उत्तम; बिडाची असेल तर त्याहून चांगले, कारण बीड तापायला वेळ घेते पण थंड मांस पडले तरी चटकन निवत नाही. खोलगट गोल कढई असल्यास खिमा दोन खेपांत भाजावा. भांडे मोठ्या आचेवर तीन मिनिटे तापू द्यावे, दोन मोठे चमचे तेल घालावे आणि तेल पातळ होऊन तळावर सहज फिरू लागले की खिमा हाताने मोकळा करीत पसरून टाकावा. त्यानंतर तीन मिनिटे त्याला हात लावू नये. हे सांगायला सोपे आणि पाळायला कठीण आहे, कारण कालथा हातात असताना तो न फिरवणे आपल्याला आळशीपणासारखे वाटते.

या वेळात कानाने स्वयंपाक करावा. खिमा पडताच मोठा चर्र आवाज होतो. मिनिटाभरात तो मंदावतो आणि कडेने गढूळ पाणी दिसू लागून बारीक रटरट सुरू होते. येथे अनेकांचा धीर सुटतो आणि झाकण पडते. झाकण ठेवू नये, आच कमी करू नये. चार-पाच मिनिटांत पाणी आटत येते, रटरट थांबते आणि तिच्या जागी कोरडा, टोकदार चुरचुर आवाज येऊ लागतो. कडेला साचलेला द्रव आता गढूळ नसून स्वच्छ असतो, कारण ते पाणी नव्हे, चरबी असते. कालथ्याची कड खाली घालून पाहावी. खालची बाजू घट्ट चिकटलेली असेल तर अजून अर्धा मिनिट थांबावे. नीट भाजलेले मांस तळ आपण होऊन सोडते. मग ते उलथून कालथ्याच्या कडेने फोडावे, आणि दुसरी बाजू दोन मिनिटे तशीच राहू द्यावी. भांड्याच्या तळाला जो तपकिरी थर बसलेला दिसतो तो करपलेला नाही. पुढची सारी चव त्यातून येणार आहे.

आता खिमा एका कडेला सारून, मोकळ्या झालेल्या जागेत दोन मध्यम कांदे बारीक चिरून टाकावेत. आता कांद्याला पाणी सुटते ते मात्र आपल्या कामाचे असते, कारण ते तळाचा तपकिरी थर सोडवते. कालथ्याने खरवडत राहावे. मीठ येथे घालावे, याआधी नाही. मीठ कच्च्या खिम्याला आधी चोळले तर मांसातील प्रथिने विरघळून दाणे एकमेकांना धरतात. कबाबाला ते हवे असते, परंतु मोकळ्या खिम्यात त्याचेच गोळे होतात. कांदा गुलाबीसर झाला की दीड चमचा आले-लसणाचे वाटण, अर्धा चमचा हळद आणि दोन चमचे मालवणी मसाला किंवा घरात असेल तो रोजचा मसाला घालून मिनिटभर परतावे. हिरवे वाटण आवडणाऱ्यांनी मसाल्याऐवजी कोथिंबीर, मिरची, आले आणि लसूण यांचे वाटण वापरावे. सीकेपी घरांत खिमा तसाच होतो आणि मला स्वतःला तोच अधिक आवडतो. त्यानंतर दोन टोमॅटो आणि एक ढोबळी मिरची, दोन्ही बारीक चिरून घालावीत.

सासूबाईंचा आक्षेप मात्र रास्त आहे आणि तो उडवून लावू नये. मटणाचे तुकडे असतील तर कुकरवाचून तासभर लागतो, हे त्यांच्या अनुभवाचे बोलणे आहे. खिम्यात यंत्राने चावण्याचे अर्धे काम आधीच केलेले असते, त्यामुळे शिट्ट्यांची गरज उरत नाही. पण वेळ लागत नाही असे नाही. टोमॅटो घातल्यावर अर्धी वाटी गरम पाणी ओतून, झाकण ठेवून, मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे द्यावीत. दाणा बोटांत दाबून पाहिल्यावर सहज तुटला आणि रबरासारखा परत फुगला नाही म्हणजे झाले. पावाबरोबर खायचे असेल तर येथेच थांबून मटार घालावेत, दोन मिनिटे झाकण काढून पाणी आटवावे, वरून कोथिंबीर आणि लिंबू. पाव येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणावा. संध्याकाळच्या ताज्या लादीला तव्यावर शेकण्याचीही गरज नसते.

तांदूळ घालायचाच असेल, तर तो घरात शिरताच, चपला काढण्याच्या वेळीच भिजत टाकावा. एक वाटी बासमती अर्धा तास भिजवून निथळून घ्यावा. खिमा झाकून दहा मिनिटे शिजला की तांदूळ वरून एकसारखा पसरावा, खिम्यात कालवू नये, आणि त्यावर दीड वाटी उकळते पाणी व चवीपुरते मीठ हळूच घालावे. आपला तांदूळ वरून कच्चा राहिला तो थंड पाणी आणि सैल झाकण यांमुळे, आणि खालून लागला तो मोठ्या आचेमुळे. पाण्याला उकळी येताच आच अगदी बारीक करावी, झाकणाखाली स्वच्छ ओले फडके घट्ट बसवून त्याची टोके वर बांधावीत, बारा मिनिटे उघडून पाहू नये, आणि गॅस बंद केल्यावर आणखी आठ मिनिटे तसेच ठेवावे. नणंदबाईंसारखी मॅकरोनी घातली तर ती ढवळत राहावी लागते आणि पाणी दोन वाट्या लागते. झटपट होते, पण आपल्या मसाल्यात ती मला कधी रुचली नाही.

प्रश्न : आमच्या घरी खिमा आणल्यावर तो चाळणीत घालून तीन-चार पाण्यांनी धुण्याची पद्धत आहे. मुलगा म्हणतो की खिमा धुऊ नये. पत्नीला न धुतलेले मांस शिजवणे मनाला पटत नाही. कोणाचे खरे? तसेच रविवारी आणलेला खिमा बुधवारपर्यंत ठेवावा का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : चिरंजीवांचे खरे आहे, पण सौभाग्यवतींची शंकाही समजण्यासारखी आहे. अखंड तुकड्यावर जे जंतू असतात ते पृष्ठभागावर असतात. तुकडा यंत्रातून काढला की तोच पृष्ठभाग सबंध खिम्यात मिसळून जातो. त्यानंतर कितीही पाणी ओतले तरी ते आतल्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही, उलट शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या काकडीवर आणि फडक्यावर उडतात. खिम्यातील जंतूंचा बंदोबस्त उष्णतेनेच होतो: मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला, आणि कोंबडीचे असेल तर ७४ अंशांना पोहोचले पाहिजे. आपल्या पद्धतीने पंधरा मिनिटे झाकून शिजवलेला खिमा ही मर्यादा केव्हाच ओलांडतो, म्हणून थर्मामीटर आणायला धावू नये.

धुण्याने दुसरेही नुकसान होते. अर्धा किलो खिमा चाळणीत धुतला की तो बरेच पाणी धरून ठेवतो, आणि हे सारे पाणी कढईत आटवत बसावे लागते. वरच्या पत्रातील करड्या पाण्याची निम्मी जबाबदारी कदाचित याच सवयीकडे जाईल. वर सांगितल्याप्रमाणे तुकडा दुकानातच धुऊन पुसून घ्यावा आणि मग खिमा करायला सांगावे. दोघांचेही मन राहते. तरीही धुतलाच, तर चाळणी पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये तिरकी ठेवून निथळू द्यावी आणि मग मुठीने दाबून पाणी काढावे.

साठवणीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. कच्चा खिमा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास, एक दिवस, फार तर दोन दिवस ठेवावा. रविवारचा खिमा बुधवारपर्यंत ठेवायचा असेल तर तो आणल्याबरोबर गोठवावा. बाहेर उघड्यावर त्याने दोन तासांपेक्षा अधिक राहू नये, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल, म्हणजे मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत, तर एकच तास. हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी ऑफिस सुटल्यावर स्टेशनजवळून खिमा घेतला, रुळांवर पाणी आल्यामुळे गाडी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये थांबून राहिली, आणि घरी पोहोचायला तीन तास लागले. वास फारसा बदललेला नव्हता, म्हणून फेकवेना. त्या रात्रीनंतरचे दोन दिवस माझे आणि माझ्या यजमानांचे कसे गेले, ते या सदरात लिहिण्याजोगे नाही. तेव्हापासून खिमा घराजवळच्या दुकानातूनच घ्यायचा, आणि प्रवासात शेवटी घ्यायचा, हा माझा नेम आहे.

गोठवण्याची रीत महत्त्वाची आहे. बहुतेक घरांत खिमा दुकानातल्या पिशवीतच गोळा करून वरच्या कप्प्यात ढकलला जातो आणि बुधवारी संध्याकाळी त्याची वीट हाती येते. तीच वीट गरम कढईत टाकली की बाहेरचा भाग सुकतो, मधला भाग बर्फच राहतो आणि वितळणारे पाणी खाली साचते. त्याऐवजी अर्धा किलोच्या पिशवीत खिमा भरून, हवा काढून, लाटण्याने बोटभर जाडीचा सपाट करावा आणि आडवा गोठवावा. सकाळी कामावर जाताना ती पाटी खालच्या कप्प्यात ताटलीवर ठेवली की संध्याकाळी मऊ झालेली मिळते. विसरलात तर पिशवी न उघडता थंड पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. सुटलेले लालसर पाणी ओतून टाकावे आणि खिमा टिपकागदावर दाबून कोरडा करूनच कढईत घालावा.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त कांदिवलीला पेइंग गेस्ट म्हणून राहतो. खोलीत इंडक्शन शेगडी आणि एक छोटा नॉनस्टिक पॅन, एवढेच आहे. चिकन खिमा घेऊन येतो, पण तो कधी रबरासारखा होतो तर कधी कोरडा भुसा. वाटण करायला मिक्सर नाही. (एक वाचक, कांदिवली)

उत्तर : चिकन खिम्याच्या बाबतीत आपली चूक उलट दिशेची आहे. मटणाला वेळ कमी पडतो, तर कोंबडीला तो जास्त होतो. छातीच्या मांसाचा खिमा घेत असाल तर तो सोडून पायाच्या मांसाचा मागावा; त्यात चरबी थोडी जास्त असल्यामुळे तो चार मिनिटे अधिक शिजला तरी रागावत नाही.

नॉनस्टिक भांडे रिकामे ठेवून मोठ्या आचेवर तापवू नये, कारण त्याचा लेप अति तापमानात खराब होतो. आणि इंडक्शनवर पातळ भांडे फार झटकन तापते. म्हणून तेल आधी घालावे, मध्यम आच ठेवावी, आणि छोट्या पॅनमध्ये एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा अधिक खिमा घालू नये. तो चार मिनिटे पसरून भाजावा आणि ताटलीत काढून ठेवावा. त्याच पॅनमध्ये कांदा, लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या आणि टोमॅटो पूर्ण शिजवून, तेल सुटेपर्यंत मसाला परतून घ्यावा, आणि मग खिमा परत घालून पाच मिनिटे झाकावे. म्हणजे मसाल्याचे पाणी मांसाला सोसावे लागत नाही आणि मसालाही कच्चा राहत नाही. लसूण वाटीच्या तळाने ठेचला तरी चालतो, आणि आले किसणीवर किसावे. मिक्सर नसल्याचे दुःख करू नये. शेवटी एक चमचा दही आच बंद करून मिसळल्यास कोरडेपणा राहत नाही.

प्रश्न : खिमा लवकर शिजावा म्हणून मी त्याला कच्च्या पपईचा कीस लावते, पण तो पिठासारखा होतो. त्याऐवजी खाण्याचा सोडा चालेल का? आणि आजीचा बिडाचा तवा मिळाला आहे, त्यात टोमॅटो घातल्यावर खिमा काळपट का होतो? (वाचक भगिनी, मुलुंड)

उत्तर : पपईतील पपेन नावाचे विकर मांसाचे धागे तोडते. जाड तुकड्यांना ते उपयोगाचे असते, पण खिम्याचे धागे आधीच तुटलेले असल्यामुळे त्याला तोडण्यासारखे काही उरत नाही आणि पीठ होते. ती पूर्ण बंद करावी. सोडा चालतो: अर्धा किलो खिम्याला पाव चमचा सोडा एक चमचा पाण्यात विरघळवून हलक्या हाताने लावावा आणि पंधरा मिनिटे ठेवावा. मांस आपले पाणी अधिक धरून ठेवते, त्यामुळे कढईत पाणी कमी सुटते आणि रंग लवकर चढतो. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणासारखी चव येते, आणि मग लिंबूही काही करू शकत नाही.

तव्याचे कारण आंबटपणात आहे. टोमॅटोतील आम्ल लोखंडाचा अंश काढते. तो अपायकारक नाही, पण रंग काळवंडतो आणि चवीला किंचित धातूपणा येतो. आजींच्या तव्यावर जुन्या तेलाचा गुळगुळीत काळा थर असेल तर वीस मिनिटांच्या खिम्याने त्याचे काही बिघडत नाही. आपण तो घेतल्यावर घासणीने आणि भांड्याच्या साबणाने लख्ख केला असावा, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर तेलाचे पातळ बोट फिरवून, धूर येईपर्यंत तापवून, निवू देऊन हे चार-पाच वेळा करावे, आणि पहिले काही आठवडे त्यात भाकरी, डोसे, अंडी एवढेच करावे. खिमा करायचाच असेल तर टोमॅटोऐवजी हिरवे वाटण वापरावे आणि आंबटपणासाठी लिंबू पानात पिळावे.

जेवण झाल्यावर उरलेला खिमा त्या तव्यात ठेवू नये. तो लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढून, निवताच फ्रिजमध्ये ठेवावा, दोन दिवसांत संपवावा आणि पुन्हा वाफा येईपर्यंत गरम करावा. उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरून, रव्यात घोळवून त्याची पॅटिस केली तर तो शिळा आहे हे मुले ओळखत नाहीत. तवा मात्र कोमट असतानाच गरम पाणी आणि नारळाच्या काथ्याने धुवावा, गॅसवर दोन मिनिटे कोरडा करावा आणि तेलाचा हात फिरवूनच खुंटीला टांगावा.